मृतांचं मागणं



गेलेल्या माणसाच्या नावानं दरवर्षी चार माणसं जमवायची आणि त्याला ऐकायला आवडलं असतं अशा विषयावर तासभर बोलायचं, ही आपल्या व्याख्यानमालांची जुनी रीत. संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला आणि मी प्रेतविद्या निवडली. स्मृतिव्याख्यानाला हा असला विषय कशाला, असं काहींनी विचारलं. मला वाटतं, याच व्याख्यानाला तो शोभतो. मेलेल्यांकडे जिवंतांनी काय मागावं आणि त्यांना काय द्यावं, याचा माणसानं केलेला फार जुना आणि फार भयंकर विचार या विद्येत आहे.

प्रेतविद्या म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? कवटी येते, मध्यरात्र येते, मंत्र पुटपुटणारा मांत्रिक येतो आणि त्याच्या हुकुमासरशी उठणारं प्रेत येतं. हे चित्र खोटं नाही, पण ते उशिराचं आहे. जुन्या कथा काढून बघा. तिथे मृतांना हुकूम कुणी सोडत नाही. त्यांना बोलावतात, खाऊपिऊ घालतात आणि ते काय म्हणतात ते ऐकतात. आणि मृत काय करतात? विचारलेल्याचं उत्तर देण्याआधी स्वतःचं काहीतरी मागतात. त्या मागण्याबद्दल मला आज बोलायचं आहे. जोवर ते ऐकलं जात होतं तोवर ही विद्या अंत्यसंस्काराची धाकटी बहीण होती. ते ऐकणं थांबलं, नुसतं राबवून घेणं उरलं, आणि विद्या काळी झाली.

होमरच्या ‘ओडिसी’चं अकरावं पर्व घेऊ. ट्रॉयचं युद्ध संपलं आहे, पण ओडिसियसला घर सापडत नाही. सर्सी नावाची मायाविनी त्याला सांगते, टायरेसियस या आंधळ्या द्रष्ट्याला विचार. पण टायरेसियस तर मेलेला! मग ओडिसियस ओशनस नावाची नदी ओलांडून किमेरियन लोकांच्या मुलखात जातो. धुक्यानं झाकलेला मुलूख, सूर्य तिथे कधी दिसत नाही.

तिथे तो करतो काय, हे बारकाईनं बघण्यासारखं आहे. कमरेची तलवार काढतो आणि तिच्यानं खड्डा खणतो. केवढा? हातभर लांब, हातभर रुंद. खड्ड्याभोवती आधी दूध आणि मध एकत्र करून ओततो, मग गोड मद्य, मग पाणी. त्यावर सातूचं पांढरं पीठ भुरभुरतो. घरी पोचलो की वांझ गाय तुम्हाला देईन, असा सगळ्या मृतांना नवस बोलतो, आणि टायरेसियसला वेगळा, कळपातला सगळ्यात देखणा काळा मेंढा कबूल करतो. मग मेंढ्यांचे गळे चिरून रक्त खड्ड्यात सोडतो. ते रक्त प्यायल्याशिवाय बहुतेक मृतांना शुद्ध येत नाही, बोलता येत नाही. रक्ताच्या वासानं ते चहूकडून येतात: लग्न न झालेल्या मुली, म्हातारे, युद्धात पडलेले, अंगावर जखमा तशाच असलेले. त्यांचा आवाज ऐकून ओडिसियसचा रंग उडतो. नागवी तलवार धरून तो खड्ड्यापाशी बसतो.

यात मंत्र कुठे आहे? गुप्त विद्या कुठे आहे? दूध, मध, पाणी, सातूचं पीठ. ग्रीक माणूस आपल्या आईबापांच्या थडग्यावर जाऊन जे ओतत असे त्यातलंच हे.

आणि पहिला कोण येतो? टायरेसियस नाही. एल्पेनॉर येतो. हा ओडिसियसच्याच जहाजावरचा पोरगा. सर्सीच्या घराच्या छपरावर दारू पिऊन झोपला होता, सकाळी गडबड ऐकून उठला, शिडी विसरला, खाली पडून मान मोडली. बाकीचे घाईत निघून गेले. त्याला कुणी रडलं नाही, पुरलं नाही. तो म्हणतो, मला असं टाकून जाऊ नका. माझ्या शस्त्रांसकट मला जाळा, समुद्राच्या काठी माती रचा आणि जिवंतपणी जे वल्हं मी मारत होतो ते वर रोवा. एवढंच! घरचा रस्ता विचारायला आलेल्या राजाला आधी एका सामान्य खलाशाचं राहिलेलं देणं कबूल करावं लागतं. आणि तो फेडतो. परतल्यावर सगळ्यात आधी एल्पेनॉरचं दहन होतं, ढिगावर वल्हं रोवलं जातं.

दुसरी येते त्याची आई, अँटिक्लिया. ती मेली आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. घरून निघाला तेव्हा ती जिवंत होती. डोळ्यांत पाणी येतं, तरी तो तिला रक्ताजवळ येऊ देत नाही, कारण आधी टायरेसियसला विचारायचं आहे. मला हा या पर्वातला सगळ्यात कठोर क्षण वाटतो. आई समोर बसून आहे, लेकाला ओळखत नाही, आणि लेक तिच्यापुढे तलवार धरून आहे. टायरेसियस सांगून जातो, मग ती रक्त पिते, ओळखते, आणि आपण तुझ्या ओढीनं गेलो असं सांगते. तो तिला मिठी मारायला तीनदा जातो आणि तीनदा ती हातांतून निसटते.

आता या कथेपेक्षाही जुन्या मुलखात जाऊ. मेसोपोटेमियात मृतांना ठरावीक दिवशी अन्न आणि पाणी देण्याची प्रथा होती, तिला किस्पू म्हणत. ज्याला हे मिळत नाही त्याचा आत्मा भटकतो आणि जिवंतांना आजारी पाडतो, अशी समजूत होती. मृताला बोलावण्याचे विधीही तिथल्या मातीच्या पाट्यांवर लिहिलेले सापडले आहेत. आत्मा दिसावा म्हणून डोळ्यांना लावायच्या लेपाची कृतीही त्यांत आहे. गिल्गामेश राजाच्या महाकाव्याच्या बाराव्या पाटीत त्याचा मित्र एन्किडूचा आत्मा जमिनीतल्या भोकातून वर येतो आणि गिल्गामेश त्याला एकापाठोपाठ एक विचारत जातो. ज्याला एक मुलगा होता त्याची खाली काय अवस्था आहे? ज्याला दोन होते त्याची? ज्याला सात होते त्याची? मुलं जास्त तशी खाली सोय बरी, कारण देणारे हात जास्त. आणि ज्याला पाणी द्यायला कुणीच नाही तो? तो भांड्याला लागलेलं खरवडून खातो, रस्त्यावर टाकलेले तुकडे खातो.

या सभागृहात हे कुणाला समजावून सांगायला हवं का? दहाव्याला घाटावर पिंड ठेवलेले असतात आणि कावळा शिवत नाही. मंडळी काय करतात? अस्वस्थ होतात. घरातलं मोठं माणूस पुढे होतं, हात जोडून म्हणतं, धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका. कुणी म्हणतं, भावाशी भांडण मिटवू. कुणी घराचं कर्ज फेडण्याचा शब्द देतं. गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल याचा शोध जिवंत माणसं चारचौघांत, मोठ्यानं बोलून घेतात. कावळा शिवतो की नाही यावर माझा विश्वास असो वा नसो. पण तो शब्द चारचौघांत दिला जातो आणि तो पाळण्याचं ओझं खरं असतं. एल्पेनॉरनं मागितलं ते असंच.

आता पेरिआंडरकडे वळतो, कारण इथे मागणं भयंकर होतं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीस हा कॉरिंथचा सत्ताधीश होता. बायकोचं नाव मेलिसा. तिला त्यानंच मारलं होतं. हिरोडोटस सांगतो, कुणा पाहुण्यानं ठेवायला दिलेली ठेव कुठे आहे ते पेरिआंडरला आठवेना की सापडेना. ती फक्त मेलिसाला माहीत. म्हणून त्यानं अकेरॉन नदीकाठच्या मृतांच्या दैवस्थानाकडे माणसं पाठवली. मेलिसा आली आणि म्हणाली, सांगणार नाही. मी गारठले आहे, मी उघडी आहे. माझ्याबरोबर पुरलेले कपडे जाळले नाहीत, ते मला इथे पोचले नाहीत. आणि आपण मेलिसाच आहोत याची खूण म्हणून तिनं निरोप दिला, की पेरिआंडरनं थंड भट्टीत भाकऱ्या घातल्या होत्या. दूतांना अर्थ कळला नाही. पेरिआंडरला कळला. त्यानं तिच्या प्रेताशी संग केला होता.

मग त्यानं दवंडी पिटली, कॉरिंथच्या सगळ्या स्त्रियांनी हेराच्या देवळात यावं. बायका सणाला निघाल्यासारख्या नटून आल्या. त्यानं पहारेकरी ठेवलेच होते. मालकिणी आणि दासी, सगळ्यांची वस्त्रं उतरवली गेली, खड्ड्यात टाकली गेली आणि मेलिसाचं नाव घेऊन जाळली गेली. दूत पुन्हा नदीवर गेले. तेव्हा मेलिसानं ठेवीची जागा सांगितली.

ही कथा कुठे येते बघा. अथेन्सवर पुन्हा जुलमी सत्ताधीश बसवावा असा स्पार्टाचा विचार चालला असताना एक कॉरिंथवासी उठतो आणि म्हणतो, जुलमी राजवट काय असते ते आम्हाला विचारा. पुरावा म्हणून तो मेलिसाची कथा सांगतो. म्हणजे प्रेतविद्येची ग्रीकांमधली एक सगळ्यात जुनी हकीकत राजकीय सभेत सांगितली गेली, साक्ष म्हणून. मला तिच्यातली मेलिसा विसरता येत नाही. मारणाऱ्याला तिच्याकडून ठेवीचा पत्ता हवा आहे, आणि ती त्याला त्याच्याच गुन्ह्याचा पत्ता देते. जिवंतपणी जी बोलू शकली नसेल ती मेल्यावर बोलते. पण तिचं देणं कुणी फेडलं? पेरिआंडरनं नव्हे. शहरातल्या बायकांनी, तेही अंगावरचं लुगडं देऊन. सत्ताधीश मृतांचं कर्जसुद्धा दुसऱ्याच्या खिशातून फेडतो.

स्पार्टाचा सेनापती पॉसेनियस याचं असंच. बायझँटियममध्ये त्यानं क्लिओनिके नावाच्या मुलीला बळजबरीनं बोलावून घेतलं आणि अंधारात घाबरून स्वतःच्या हातानं मारलं. ती त्याच्या स्वप्नात येत राहिली. शेवटी तो हेराक्लियाच्या मृतस्थानी गेला, तिला बोलावलं आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, स्पार्टात पोचलास की तुझा त्रास संपेल. स्पार्टात त्याला देवळात कोंडून उपाशी मारलं गेलं. क्षमा मागायला गेलेल्याला इथे मरणाची तारीख मिळाली.

आता बायबलमधली एन-दोरची स्त्री. शौल राजानं स्वतःच मृतांशी बोलणाऱ्यांना देशाबाहेर घालवलं होतं. पलिष्ट्यांचं सैन्य समोर येऊन ठाकलं. देव स्वप्नात बोलेना, संदेष्ट्यांकडून बोलेना. तेव्हा तोच राजा वेष पालटून, दोन माणसं घेऊन, रात्री एन-दोरला एका बाईच्या दारात उभा राहिला. बाई घाबरली. म्हणाली, राजानं असल्यांना संपवलंय, तू मला का अडकवतोस? त्यानं शपथ घेऊन अभय दिलं. मग मेलेला संदेष्टा शमुवेल वर आला, झगा पांघरलेला म्हातारा. त्याचं पहिलं बोलणं हेच, की मला का उठवलंस, माझा विसावा का मोडलास. इथे मृत काही मागत नाही. त्याला फक्त उठवायला नको होतं. आणि मग तो सांगतो, उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याबरोबर असाल.

शौल जमिनीवर आडवा पडला. दिवसभर आणि रात्रभर त्याच्या पोटात अन्न नव्हतं. आणि आता ती बाई, जिच्या धंद्यावर यानंच बंदी घातली होती, ती जवळ येते आणि म्हणते, चार घास खा. तो नको म्हणतो. ती ऐकत नाही. घरातलं पोसलेलं वासरू कापते, पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते आणि राजाला वाढते. तो जेवतो आणि त्याच रात्री उठून मरायला जातो. धर्मशास्त्रानं या बाईला चेटकीण म्हटलं. शेकडो वर्षं चित्रकारांनी तिला भेसूर रंगवलं. मूळ कथेत तिनं केलेलं शेवटचं काम म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसाला जेवू घालणं. मृतांना जेवू घालण्याची जी रीत आपण पाहिली ती इथे जिवंताच्या पानात आली.

इसवी सनापूर्वी ४७२ मध्ये एस्किलसनं तर रंगभूमीवरच मृताला उभं केलं. ‘पर्शियन्स’ नाटकात सालामिसच्या पराभवानंतर राणी आपल्या नवऱ्याच्या, डरायसच्या, थडग्यावर दूध, मध, झऱ्याचं पाणी, मद्य, तेल आणि फुलं घेऊन येते. तो उठतो आणि मुलाला, झर्कसिसला, दोष देतो. विजयी अथेन्सचे प्रेक्षक शत्रूच्या मेलेल्या राजाचं ऐकत बसले होते. एवढ्या मोकळेपणानं त्या काळी हे पाहता येत होतं.

मग बदललं कुठे?

रोममध्ये. आणि ज्या माणसानं तो बदल लिहून ठेवला तो मेला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. लुकन. नीरोच्या हुकुमावरून इ.स. ६५ मध्ये त्याला स्वतःच्या शिरा कापून मरावं लागलं. सीझर आणि पॉम्पी यांच्या यादवीवर त्यानं महाकाव्य लिहिलं. त्याच्या सहाव्या सर्गात पॉम्पीचा मुलगा सेक्स्टस फार्सेलसच्या लढाईच्या आधी थेसलीतल्या एरिक्थो नावाच्या चेटकिणीकडे जातो. ही थडग्यांत राहते. ती रणभूमीवर प्रेतं चाचपत फिरते, आणि कशासाठी? फुप्फुसं शाबूत असलेलं प्रेत हवं म्हणून, नाहीतर आवाज स्पष्ट येणार नाही! हवं ते सापडलं की गळ्यात आकडा अडकवून ओढत नेते. छातीत ताजं रक्त ओतते, पिसाळलेल्या कुत्र्यांची लाळ आणि कसली कसली विषं ओतते.

सैनिकाचा आत्मा बाजूला उभा असतो. त्याला त्या फाडलेल्या देहात परत जायचं नसतं. तो घाबरलेला असतो. एरिक्थो चिडते. जिवंत सापाचा चाबूक करून ती प्रेताला झोडपते. पाताळातल्या देवतांना धमकावते, तुमची गुपितं उजेडात आणीन म्हणते. मग प्रेत एकदम ताठ उभं राहतं, एकेक अवयव हलवत नव्हे, धाडकन. बोलतं. रडत बोलतं. आणि सेक्स्टसला हवं ते धड सांगतही नाही, पुढचं तुझा बाप सांगेल म्हणतं.

कुठे गेलं दूध आणि मध? कुठे गेलं, तुझं काय राहिलं हे विचारणं? होमरचा मृत स्वतःहून रक्ताकडे येतो, लुकनच्या मृताला फटके मारून आणतात. तरीही मला लुकन मोठा वाटतो तो एका गोष्टीसाठी. या मृताचंही एक मागणं आहे. एरिक्थो त्याला मोबदला कबूल करते: खरं सांगितलंस तर तुला असं जाळीन, की पुन्हा कुठल्याही मंत्रानं तुला कुणी बोलावू शकणार नाही. बोलणं झाल्यावर प्रेत नुसतं उभं राहतं. एकदा मेलेला माणूस पुन्हा आपोआप मरू शकत नाही, मरणाचा हक्क वापरून संपलेला. ती चिता रचते आणि तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन तिच्यावर आडवा होतो. एल्पेनॉरनं मागितलं होतं, मला विसरू नका. याला फक्त सोडून दिलेलं हवं आहे.

यादवीत माणसं मेल्यावरसुद्धा सुटत नव्हती, हे लुकनला आपल्या काळाकडे बघून दिसलं असावं. रोमच्या दरबारात मृतांना विचारणं हा तोवर राजद्रोहाचा आरोप झाला होता. इ.स. १६ मध्ये लिबो द्रूसस या तरुण सरदारावर खटला भरला गेला, त्याची सुरुवातच मंत्रानं मृतांना उठवायला सांगितल्याच्या चुगलीनं झाली. त्यानं आत्महत्या केली. सम्राटाला भीती होती ती एका प्रश्नाची: मी कधी मरणार, असं कुणी विचारलं तर?

पुढचा टप्पा ख्रिस्ती युरोपचा. तो मी भराभर सांगतो, कारण तिथे मृत जवळजवळ नाहीसेच होतात. धर्मपंडितांनी ठरवलं, की मेलेला माणूस मांत्रिकाच्या हाकेला येऊच शकत नाही, येतो तो सैतान, मृताचं रूप घेऊन. म्हणून मध्ययुगातली प्रेतविद्या ही भुतं-सैतान बांधण्याची विद्या झाली. म्युनिकच्या ग्रंथालयात पंधराव्या शतकातलं लॅटिन हस्तलिखित आहे, अशा प्रयोगांची वही. ते लिहिणारे खेड्यातले अडाणी मांत्रिक नव्हते. लॅटिन येणारे, चर्चचे विधी पाठ असलेले पाद्रीच होते. त्यांना हवं काय होतं? घोडा, मेजवानी, अदृश्य होणं, एखाद्या बाईचं मन. चोर ओळखायला लहान मुलाच्या तेल लावलेल्या नखात बघायला लावत, आपल्याकडे अंजन लावून पाहत तसंच. आईशी बोलायचं आहे, असं त्या वहीत कुणी म्हणत नाही.

इंग्लंडमध्ये एलिझाबेथच्या काळी एडवर्ड केली यानं लँकेशरमधल्या वॉल्टन-ल-डेलला पुरलेलं प्रेत उकरून त्याला बोलतं केलं, अशी हकीकत १६३१ मध्ये छापली गेली. १६०४ च्या कायद्यानं जादूसाठी थडग्यातून प्रेत काढणाऱ्याला देहदंड ठरवला होता.

आता आपल्या घरात या. भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या ‘मालतीमाधव’च्या पाचव्या अंकात माधव रात्री स्मशानात नरमांस विकायला हिंडतो. गिऱ्हाईक भुतं-पिशाच्चं, आणि बदल्यात हवी मालती. त्याच स्मशानाशेजारी कराला देवीच्या देवळात अघोरघंट हा कापालिक आणि त्याची शिष्या कपालकुंडला त्याच मालतीला बळी द्यायला घेऊन बसलेले असतात. किंकाळी ऐकून माधव धावतो आणि अघोरघंटाला मारतो. प्रेमापोटी स्मशानात उतरलेल्या माणसाला तिथे कळतं, की आपण ज्या बाजारात विकायला आलो त्याच बाजारात आपलं माणूस विकायला ठेवलंय. इतकं धारदार दृश्य आठव्या शतकात आपल्याच मुलखातल्या नाटककाराला सुचलं, आणि आपण त्याचं नाव ‘उत्तररामचरिता’पुरतंच घेतो. मला याचं वाईट वाटतं.

आणि वेताळ. वेताळपंचविशी लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकली. प्रेतात शिरलेला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि न्याय विचारतो, एवढंच आपल्या लक्षात राहतं. पण सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त शेवट काय आहे? ज्या भिक्षूसाठी राजा प्रेत वाहून नेतोय त्याला राजाचाच बळी द्यायचा आहे, हे वेताळ राजाला सांगून टाकतो. भिक्षू म्हणेल साष्टांग नमस्कार घाल, तेव्हा तू म्हण, मी राजा, मला येत नाही, तू करून दाखव. तो वाकला की मान उडव. आणि तसंच होतं. ज्याला हुकुमाखाली आणायचं होतं तोच हुकूम देणाऱ्याचा घात करतो. एरिक्थोला असा वेताळ भेटला असता तर!

कोकणात आणि गोव्यात तर वेताळ गावाचा राखणदारच झाला. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक मोठमोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि त्याच्या चपला झिजतात. मृतांच्या मुलखातल्या शक्तीला वापरायचं कसं, हा प्रश्न गावानं सोडून दिला आणि तिची गरज काय ते विचारलं. उत्तर आलं, वहाणा. गेली अनेक वर्षं गाव त्या देतं आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे. मृत परत येतात असं मी म्हणत नाही. दुःखात बुडालेल्या घरात शिरून ‘तुमचा मुलगा बोलतोय’ म्हणणारे लोक आजही आहेत, आणि ते पैसे घेतात, बायकांना छळतात, कधी जीवही घेतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं त्यांच्याविरुद्ध कायदा मागत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, मग वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. तो कायदा हवाच होता आणि तो वापरला गेला पाहिजे. पूर्वी आपल्या मध्यमवर्गीय घरांतही प्लँचेटवर वाटी फिरायची, ती फिरवणारी माणसं लबाड नव्हती, त्यांना कुणाची तरी आठवण येत होती. आठवण येणं हा गुन्हा नाही. तिचा धंदा करणं हा गुन्हा आहे.

शेवटी पुन्हा अकेरॉनवर जाऊ, मेलिसाच्या नदीवर. वायव्य ग्रीसमध्ये मेसोपोटामोस गावाजवळ टेकडीवर सेंट जॉनचं चर्च आहे. त्याच्याखाली १९५८ पासून सोतिरिस डाकारिस या ग्रीक पुरातत्त्वज्ञानं उत्खनन केलं. जाडजूड भिंती, वळणावळणाचे अरुंद मार्ग, खाली कमानींची भूमिगत खोली. त्याला खात्री पटली, हेच मृतांचं दैवस्थान. जळालेले वालाच्या जातीचे दाणे सापडले, तो म्हणाला, हे खाऊन यात्रेकरूंना भ्रम होत असणार. लोखंडाचे आणि काशाचे भाग सापडले, तो म्हणाला, पुजारी यांत्रिक पाळण्यातून खोटी भुतं खाली सोडत असणार. जगभर ही कथा पसरली.

पुढे दीत्वुल्फ बात्झ या जर्मन तज्ज्ञानं ती काशाची कडी नीट पाहिली. ती कॅटापल्टची होती, दगड आणि बाण फेकणाऱ्या युद्धयंत्रांची. आज बहुतेक अभ्यासक त्या वास्तूला तटबंदीचं शेतघर मानतात: बुरूज, धान्याचे रांजण, शेतीची अवजारं, खाली कोठार. आणि दाणे म्हणजे साठवलेलं धान्य. मेलिसा जिथे बोलली असेल ते ठिकाण दुसरीकडेच कुठेतरी असणार. पण डाकारिसला मी हसणार नाही. त्यानं वर्षानुवर्षं उन्हात माती चाळली, आणि हिरोडोटस वाचलेल्या कुणालाही त्या अंधाऱ्या खोलीत उतरल्यावर दुसरं काही सुचलं नसतं.

ते घर जळालं इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास. त्या वर्षी रोमन सैन्यानं एपायरसमधली सत्तर गावं एकाच दिवशी लुटली आणि दीड लाख माणसं गुलाम म्हणून विकायला काढली, असं इतिहासकार लिहितात. दीड लाख! तरीही आपण त्या टेकडीवर भुतांचा पाळणा शोधत बसलो, आणि जे खरोखर तिथे होते त्यांचा विषयच निघाला नाही. मला त्या नदीकाठी हातभर खड्डा खणून विचारायची मुभा असती, तर मी भविष्य विचारलं नसतं. त्या बुरुजावर यंत्राच्या दोऱ्या ताणत कोण उभं होतं? दाणे कुणी भरून ठेवले होते, कुठल्या पेरणीसाठी? आणि बाजारात उभं केल्यावर आई एकीकडे गेली आणि मूल दुसरीकडे, त्यांची नावं काय होती?